डोळे कोण आखणार?

पेणमध्ये ‘आमचा कारखाना’ म्हटलं की ऐकणाऱ्याला गणपतीच आठवतात. आमच्या घरात मात्र दोन कारखाने होते. एक घरामागे, सासऱ्यांनी उभा केलेला, मूर्तींचा. दुसरा रोह्याला एमआयडीसीत, रसायनांचा, जिथे मी नोकरीला जात असे. लग्नानंतरची पहिली काही वर्षं शेजारपाजारच्या कोणी विचारलं, “वहिनी, कारखान्यात निघालात वाटतं?” की मला उलट विचारावं लागे, “कुठल्या?” एका कारखान्याच्या मालाला लोक हात जोडत आणि दुसऱ्याच्या मालाला नाकाला रुमाल लावत. मी दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने राबले, हे माझं मीच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगायच्या फंदात पडणार नाही.

स्थापत्याचा डिप्लोमा करून मी कंपनीच्या प्रकल्प विभागात लागले आणि चार वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. या लेखात तिची एक चूक येणार आहे आणि ती चूक माझी होती.

मी नक्की काय काम करते हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती लोकांना सांगायची, “आमची मेधा कंपनीत सह्या करते.” तसं बघायला गेलं तर बरोबरच होतं. कंपनीत रोज काही ना काही नवीन काम निघतं. कुठे शेड बांधायची, कुठे पाइप बदलायचा, कुठे नवी टाकी बसवायची. प्रत्येक कामावर सारखीच देखरेख ठेवायची म्हटली तर कंपनी चालायची नाही, आणि कशावरच ठेवली नाही तर कंपनी उरायची नाही. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी कोणीतरी ठरवायचं असतं की हे काम किती गुंतागुंतीचं आहे, आणि त्यावर किती जणांचे डोळे हवेत. ते ठरवणारी मी.

त्यासाठी मुंबईच्या मुख्य कार्यालयाने एक तक्ता पाठवला होता. त्याचं नाव भारदस्त होतं, ‘प्रकल्प गुंतागुंत मूल्यमापन’. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. खर्च किती, मुदत किती, माणसं किती, चालू यंत्राला हात लागतो का, असे. गुण कमी आले तर कामाला पांढरी फाइल, म्हणजे माझ्यामागोमाग जागेवरच्या सुपरवायझरची सही झाली की काम सुरू. मधले गुण आले तर पिवळी, त्यात दोन खातेप्रमुख आणि दर आठवड्याला आढावा. गुण जास्त आले की लाल फाइल. मग मुंबईची समिती, टप्प्याटप्प्याला मंजुरी आणि सह्यांची मालगाडी. रोह्याच्या लोकांनी त्या भारदस्त तक्त्याचं आठवड्याभरात ‘चाळणी’ करून टाकलं आणि माझं ‘चाळणीबाई’. तोंडावर अर्थातच ‘मॅडम’.

सुरुवातीला मी चाळणी फार बारीक ठेवली होती. नवी नोकरी, त्यात बाई, चूक झाली तर लोक बाईची चूक म्हणणार, या भीतीने मी दिसेल त्याला गुण देत सुटले. कामगारांच्या मोटरसायकलींसाठी साधी पत्र्याची शेड घालायची होती. ती शेड गॅसच्या लाइनीपासून तशी लांब होती, पण मी ‘ज्वलनशील पदार्थाच्या जवळ’ म्हणून तीन गुण दिले, कारण मोटरसायकलीत पेट्रोल असतं. शेड लालमध्ये गेली. मुंबईच्या समितीने तिच्यावर दोन बैठका घेतल्या. एका साहेबांनी वाऱ्याच्या दिशेचा अभ्यास मागवला. तोपर्यंत पाऊस लागला, आणि अख्खा पावसाळा शंभरेक माणसं ओल्या सीटवर बसून घरी गेली. शेवटी सुपरवायझर रमाकांत माझ्या टेबलाशी आला. खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढून त्याने शांतपणे माझ्यासमोर ठेवली.

“ही काय?”

“सीटवर घालायची पिशवी. हिला पन गुण द्या, मॅडम. आता शेड हीच हाय.”

मी ओशाळले. पण रमाकांतचं आणि माझं त्या दिवसापासून जमलं ते जमलंच. तो अष्टमीचा, म्हणजे रोह्याच्या शेजारच्या गावचा. हातात कसब होतं आणि जिभेला हाड नव्हतं.

त्या शेडच्या फाइलीवर अकरा सह्या होत्या. पुढे एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं की आराखडा उघडून कोणीच पाहिला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, उरलेल्या दहांनी पाहिला असेल. जास्त सह्या म्हणजे जास्त देखरेख नव्हे, हे मला तेव्हा अर्धवटच कळलं.

याच्या उलट गंमत म्हणजे काही लोकांना आपलं काम लालमध्ये जावं असं वाटायचं! गोदामाचे एक खातेप्रमुख होते. त्यांच्या रॅकच्या कामाला मी पांढरी फाइल दिली तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बॉयलरवाल्याचं काम लाल आणि आमचं पांढरं? आम्ही काय इथे गोट्या खेळतो?” मी त्यांना समजावलं की फाइलीचा रंग म्हणजे मानाची पगडी नाही. त्यांना ते पटलं नाही. मग मी पांढऱ्या फाइलीलाच जरा जाड पुठ्ठा लावून दिला, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

आता घरच्या कारखान्याकडे येते, कारण खरं शिक्षण तिथलं.

गणपतीच्या कारखान्यात मूर्तीवर बरेच हात फिरतात. साच्यातून काढणारा वेगळा, घासून गुळगुळीत करणारा वेगळा, अंगाचा रंग मारणारा वेगळा. घरातलं, शेजारचं कोणीही यातलं काही ना काही करतं. मीही सुट्टीच्या दिवशी पितांबर रंगवायला बसत असे आणि माझा रंग काठाबाहेर गेला तरी कोणी काही बोलत नसे. पण डोळे मात्र फक्त सासरे काढायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. डोळे काढण्याला आमच्याकडे ‘आखणी’ म्हणतात. वीतभर मूर्ती असो नाहीतर मंडळाची पुरुषभर उंच, आखणीला तात्याच. बाकी दिवसभर ते कोणाच्या कामात नाक खुपसत नसत.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी त्यांना विचारलं होतं, “तात्या, एवढ्या लहान मूर्तीला तुम्ही कशाला? कोणीही काढेल की.”

ते ब्रश न उचलता म्हणाले, “मूर्ती लहान हाय गो, डोळा लहान नाय. पितांबर चुकला तर पुसता येतो. डोळा चुकला तर घरातला माणूस दहा दिवस तिच्यासमोर उभा राहनार नि त्याला कायतरी खटकत राहनार.”

मी हसले आणि विसरून गेले. ऑफिसमध्येही आमच्या विभागाला ‘आखणी विभाग’ म्हणत, म्हणजे नियोजनाचा. घरी आखणी, ऑफिसात आखणी, यावर मी पुष्कळ कोट्या केल्या. पण हे दोन शब्द एकच आहेत हे मला कळायला एक शेत खारं व्हावं लागलं.

त्याची हकिगत अशी.

कंपनीचं वडखळजवळ एक यार्ड होतं, कच्चा माल उतरवण्यासाठी. एका बाजूला हायवे आणि दुसऱ्या बाजूला खारेपाट, म्हणजे खाडीकाठची भातशेती. तिकडे शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. बांध आहे तर भात आहे. जिथून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं तिथे बांधात दार ठेवतात, त्याला ‘उघाडी’ म्हणतात. तिला लाकडाची झडप असते. ओहोटीला आतल्या पाण्याने ती उघडते आणि भरतीला खाडीच्याच पाण्याने दाबून बंद होते. माझं माहेर पेणच्या आतल्या बाजूचं, डोंगराकडचं, वालाच्या शेतीचं. उघाडी मी लांबूनच पाहिलेली.

त्या वर्षी श्रावणात यार्डात पाणी तुंबलं. गोण्या भिजायला लागल्या. रमाकांत फाइल घेऊन आला.

“मॅडम, जरासं काम हाय. यार्डातला नाला बांधापर्यंत गेलेलाच हाय. बांधातून सहा मीटरचा पाइप टाकला की पानी खाडीत. पांढऱ्यात टाका नि सोडा.”

मी चाळणी लावली. खर्च कमी, शून्य. मुदत आठ दिवस, शून्य. माणसं पाच, शून्य. चालू यंत्राला हात नाही, शून्य. बारा प्रश्नांत मिळून गुण आले चार. इतकी स्वच्छ पांढरी फाइल मी क्वचितच पाहिली होती. शेडच्या प्रकरणाने पोळलेली असल्यामुळे मला तर उलट बरं वाटलं, की बघा, आता मी अडवून धरत नाही. सही केली. उघडीप मिळाली तशी आठ दिवसांत पाइप पडला आणि यार्ड कोरडं झालं. रमाकांतने मला फोन करून सांगितलं, “झ्याक झालं.”

भाद्रपद पौर्णिमेला भर दुपारी मोठं उधाण आलं. पाइपाला झडप नव्हती. ज्या पाइपातून पाणी बाहेर जात होतं त्याच पाइपातून खाडी उलटी आत आली, नाल्यात मावली नाही, आणि ओसंडून शेजारच्या शेतात पसरली. भात पोटरीत होता, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या बेतात.

अनंतचतुर्दशी नुकतीच झाली होती. घरचा कारखाना रिकामा, आम्ही सगळे निवांत, आणि रमाकांतचा फोन आला. या वेळी ‘झ्याक’ नव्हतं, “मॅडम, पानी शेतात शिरलं,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेणहून थेट तिथे गेले. बांधावर एक बाई उभी होती. नऊवारी, कासोटा घट्ट मारलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. ही हिराबाई. शेत तिचं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते कसत होती. मुलगा डोलवीच्या बाजूला कंत्राटी कामावर, सून घरी. मी जवळ गेले तरी ती माझ्याकडे न बघता टाचेने बांधाची माती दाबत होती.

“तू कोन गो?” तिने शेवटी विचारलं.

“मी कंपनीतली. त्या पाइपाच्या कागदावर सही माझी आहे.”

हे मी का सांगितलं, मला आजही कळत नाही. न सांगता निभावलं असतं. तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

“तुजी सही? मंग सही करायच्या आंगुदर मना इचारायला कोन आयला व्हता?”

बारा प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता. मी खाली पाहिलं तर भाताच्या पात्यांची टोकं आताच पिवळी पडायला लागली होती.

“पानी शेतान आयला, तो गेला,” ती म्हणाली. “आर्धा शेत गेला, तो पन गेला. पन तिकडं बघ.”

तिने दाखवलं तिथे, पाइपाच्या अंगाला, बांधाची माती भेगाळली होती. पाइप टाकताना बांध खोदला होता आणि ट्रकमधून आणलेला मुरूम भरून वरून सपाट केला होता. त्या मुरमातून पाणी पाझरत होतं.

“पंधरा दिसांनी अवस. त्या उधानाला हा बांध नाय टिकायचा. इथं खांड परल. माजा आर्धा शेत हायच, पन मागं पंधरा-वीस घरांचा भात हाय. तो पन जाल.”

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. एकदा ते पडलं की खाडी घरच्यासारखी आत-बाहेर करते. मी म्हटलं, पाइपाचं तोंड गोण्यांनी बंद करू. ती म्हणाली, पाणी तोंडातून नाही, अंगावरून येणार. बांध तिथे पुन्हा उघडावा लागेल, मुरूम काढावा लागेल, खाडीचा चिखल भरावा लागेल आणि पाइपाला झडप बसवावी लागेल. बांध उघडायचा तर तोही कधीही नाही. सप्तमीपासून तीन-चार दिवस भरती दुबळी असते, तिला भांगाचं पाणी म्हणतात. त्याच दिवसांत काम झालं तर झालं.

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते.

रोह्याला परत आले आणि चाळणी लावली. आता गुणांचा पाऊस पडला. तक्रार आलेली, बाहेरचे लोक गुंतलेले, पाण्याशी संबंध. काम तेवढंच, सहा मीटरचं, पण फाइल लालभडक. मुंबईला फोन केला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात. आधी घेता येईल का? तीन सदस्य परगावी आहेत. साहेब, अमावास्येला बांध फुटेल. मॅडम, तुमची कळकळ समजते, पण प्रक्रिया आहे.

रमाकांत म्हणाला, “पांढऱ्यात टाका. गुण कोन मोजतंय? तुमी नि मी.”

मोह झाला, नाही म्हणत नाही. पण पांढऱ्याने एकदा घात केला होता. शिवाय मनात काहीतरी टोचत होतं. पहिल्या खेपेला माझ्या आणि सुपरवायझरच्या सहीऐवजी समितीच्या अकरा सह्या असत्या, तर झडपेची आठवण कोणाला झाली असती? कोणालाच नाही. त्या अकरांतला एकही जण कधी बांधावर उभा राहिला नव्हता. काम पांढरं होतं की लाल, हा प्रश्नच नव्हता. त्या कामात एक डोळा होता आणि तो आम्ही पितांबर समजून रंगवला होता.

घरी आले तेव्हा तात्या रिकाम्या कारखान्यात ब्रश धुवत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मग ज्याला आखता येतं त्याच्या हातात दे की.” एवढंच. चहा मागितला आणि पुन्हा ब्रश धुवायला लागले.

मी लाल फाइलीचे नियम पुन्हा वाचले. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक कलम होतं, जे मीच कधी वापरलं नव्हतं. जागेवर ‘जाणकार व्यक्ती’ नेमली असेल आणि तिने काम आपल्या देखरेखीखाली होईल असं लिहून दिलं, तर स्थानिक प्रमुखांच्या संमतीने समितीच्या आधी काम सुरू करता येईल. खाली तीन रकाने होते. नाव, सही, हुद्दा.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल घेऊन मी हिराबाईच्या ओटीवर गेले. कलम वाचून दाखवलं. ती चौथी शिकलेली. तिने स्वतः वाचूनही पाहिलं, आणि मग अटी घातल्या. तिने थांब म्हटलं की थांबायचं. ट्रकची माती आणायची नाही. गावातली माणसं ती सांगेल ती घ्यायची. मी तिन्ही अटी फाइलीत लिहिल्या, तेव्हा तिने सही केली. एकेक अक्षर टपोरं काढत, पान हलू नये म्हणून डाव्या हाताने दाबून.

हुद्द्याचा रकाना उरला. ‘शेतकरी’ लिहिलं असतं तर फाइल त्याच दिवशी परत आली असती. मी जरा विचार केला आणि लिहिलं, ‘आखणी’.

संमती द्यायची होती ती रोह्याच्या मोठ्या साहेबांनी. ते कडक होते, पण वाचणारे होते. त्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

“आखणी विभागात या बाई कधी आल्या?”

“त्या आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत, साहेब.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सही केली. त्यांना काय समजलं, किती समजलं, हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

सप्तमीला काम सुरू झालं. बांधावर आमची पाच माणसं, गावातले आठ-दहा बाया-बाप्ये आणि मध्ये हिराबाई. मुरूम काढून टाकला. खाडीतून फावड्याने निळसर काळ्या चिखलाचे ठोकळे कापायचे, हातोहात वर द्यायचे, एक थर रचला की सगळ्यांनी त्यावर पायांनी नाचायचं, वर पेंढा पसरायचा, मग दुसरा थर. नाचण्यात मीही होते. साडी खोचून. रमाकांतने माझा फोटो काढला आणि ऑफिसात लावीन अशी धमकी दिली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला हिराबाई म्हणाली, “आता थांब.”

रमाकांत घड्याळ बघून म्हणाला, “मावशी, भरतीला अजून दोन तास हायेत.”

“घड्यालान हायेत. खाडीन नायेत.”

फाइलीत अट होती म्हणून तो थांबला, नाहीतर थांबला नसता. उघडं तोंड ठोकळ्यांनी बंद करून आम्ही बांधावर चढतो न चढतो तोच पाणी लागलं. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि त्याने भरती अलीकडे ढकलली होती. दुसऱ्या दिवसापासून रमाकांत घड्याळ खिशात ठेवून येऊ लागला.

दशमीला झडप बसली. अमावास्येला दुपारी मी तिथे गेले. सगळा गाव बांधावर होता. पाणी चढत चढत बांधाच्या माथ्यापासून वीतभरावर आलं. पाइपाच्या तोंडावर झडप एकदा हलली, थाडकन बसली आणि तशीच राहिली. एका जागी जरा पाझर दिसला तशी हिराबाईने चिखलाचा गोळा घेतला, ठेवला आणि टाचेने दाबला. मग उधाण उतरलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक जेवायला घरी गेले. मी तेवढी बांधावर बसून थोडी रडले, आणि हिराबाईने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मागच्या घरांचा भात वाचला. हिराबाईचं निम्मं शेत मात्र त्या वर्षी गेलं, आणि पुढची दोन वर्षं त्या तुकड्यावर मिठाचा पांढुरका थर दिसायचा. कंपनीने भरपाई दिली, पण पेणहून वडखळला जाताना मी एसटीत त्या बाजूच्या खिडकीला बसायचं टाळायची. तिसऱ्या पावसाने मीठ धुऊन नेलं. तेव्हा हिराबाईनेच निरोप धाडला, “शेत परतला. बाईला सांगा.” त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटले आणि कशाचे ते सांगितलं नाही.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात झाली आणि झालेल्या कामाला मंजुरी मिळाली. कोणीही हुद्द्याबद्दल विचारलं नाही. आखणी म्हणजे नियोजन विभाग, हे सगळ्यांना माहीतच होतं.

त्यानंतर मी तक्त्याच्या तळाशी पेनाने तेरावा प्रश्न लिहिला, ‘यात डोळे कुठे आहेत, आणि ते कोण आखणार?’ त्याला गुण नव्हते. काम लहान असो की मोठं, फाइल कुठल्याही रंगाची असो, त्या प्रश्नाचं उत्तर लिहिल्याशिवाय मी सही करत नसे. रोह्याची माणसं त्याला सरावली. कधी उत्तर यायचं ‘वेल्डर गणपत’, कधी ‘रात्रपाळीचा ऑपरेटर, त्यालाच आवाज ओळखता येतो’. फाइली हलक्या झाल्या, लाल कमी झाल्या, आणि मी निवृत्त होईपर्यंत पुन्हा तसं काही घडलं नाही. याचं श्रेय मी घेते, जरा जास्तच घेते.

गेल्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला. तन्वी, माझ्या खुर्चीवर बसलेली नवी इंजिनीअर. सगळं आता कॉम्प्युटरवर आलंय, तेरावा प्रश्नही कोणीतरी जसाच्या तसा टाइप करून घातलाय. ती म्हणाली, “मॅडम, त्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर लिहितात.”

“काय?”

“गॉगल दिले आहेत.”

मी इतकी हसले की कारखान्यातून हे बाहेर आले. तात्या जाऊन सहा वर्षं झाली, आता आखणी हेच करतात. तीन वर्षं आमची कंपनी माझ्या प्रश्नाला सुरक्षा चष्म्याचा प्रश्न समजत होती! हसून झाल्यावर थोडं वाईटही वाटलं. प्रश्न मागे ठेवला, पण सांगणारं कोणी मागे ठेवलं नाही, ही चूकही माझीच.

“पण मी दुसऱ्याच कामासाठी फोन केलाय,” तन्वी म्हणाली. “यार्डाचा तो पाइप बदलायचाय. जुन्या फाइलीत जाणकार व्यक्ती म्हणून हिराबाई आहेत, आखणी विभाग. कर्मचाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. त्या रिटायर झाल्या का?”

“नाही,” मी म्हटलं. “चल, भेटवते.”

आम्ही दोघी वडखळच्या पुढे उतरून चालत गेलो. हिराबाई आता वाकली आहे, पण बांधावर फेरी चुकत नाही. सून बरोबर असते. तिने मला ओळखलं, तोंडभर हसली, मग तन्वीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तन्वीने घाईघाईने बॅगेतून फाइल काढली, पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

हिराबाईने पेनाकडे पाहिलं.

“सही घ्यायला आयलीस का इचारायला?”

तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी खाडीकडे पाहत राहिले. तिने पेनाचं टोपण लावलं, फाइल बॅगेत घातली, सँडल काढून हातात घेतल्या आणि म्हणाली, “विचारायला, आजी.”

“मंग ये,” हिराबाई म्हणाली आणि बांधावरून चालायला लागली. तिच्यामागे सून, सुनेमागे तन्वी. मी मागेच थांबले.